कंसातली नावं

आर्थिक नियोजनाच्या पदव्युत्तर पदविकेला मी प्रवेश घेतला, तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते आणि मंचरच्या एका पतसंस्थेत नऊ वर्षं क्लार्क होते. प्रवेश घेतल्याचं सांगितलं तेव्हा आमचे मॅनेजर हसले. इथल्या लोकांना हप्ता कधी भरायचा तेवढं कळलं तरी पुष्कळ आहे, तुम्ही नियोजन कुणाचं करणार, असं म्हणाले. खरं तर फीचे थोडे पैसे संस्थेकडून मिळतील का, हे विचारायला मी गेले होते. ते न विचारताच जागेवर येऊन बसले.

हा कोर्स करण्यामागे एक बाई होती. बाजारात भाजीचं दुकान मांडणारी, रोज संध्याकाळी आमच्याकडे थोडेथोडे पैसे भरणारी. तिला कुणीतरी एजंटाने एक पॉलिसी दिली होती. तीन वर्षं हप्ते भरून झाल्यावर मुलीच्या लग्नासाठी ती पैसे मागायला गेली, तर भरले त्याच्या निम्मेही मिळेनात. सगळे कागद पिशवीत घालून ती माझ्या काउंटरवर आली. इंग्रजी, बारीक अक्षर, सतरा पानं. मी बी.कॉम. झालेली. दोनदा वाचूनही मला त्यातलं धड काही कळलं नाही. ती म्हणाली, ‘‘तुमी शिकल्याली ना?’’ एवढंच म्हणाली आणि कागद गोळा करून गेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या पदवीचा राग आला.

वर्ग रविवारी असायचे, पुण्यात शिवाजीनगरच्या स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. मी सकाळी सहाची एसटी धरायचे. खेडचा घाट उतरून चाकणच्या चौकात गाडी अडकली की पहिलं लेक्चर बुडायचं. वर्गात तीसेक जण होते. बँकांतले अधिकारी, विम्याचे एजंट, सीए करता करता कंटाळलेली दोन मुलं. शिकवणं सगळं इंग्रजीतून. मी मराठीतून शिकलेली. सर बोलतील ते वहीत देवनागरीत उतरवायची आणि परतीच्या गाडीत डिक्शनरी मांडीवर घेऊन त्याचा अर्थ लावायची. ते मला जमत गेलं. इंग्रजीचा मला फार त्रास झाला नाही. त्रास झाला तो त्या पुस्तकातल्या माणसांचा.

पुस्तकातली माणसं सगळी एकाच घरातली वाटायची. नवरा पस्तीस वर्षांचा, सॉफ्टवेअर कंपनीत. बायको बत्तीसची, कधी नोकरी करणारी, कधी नाही. एक मूल. कोथरूडला किंवा औंधला फ्लॅट, त्याचं कर्ज. दर महिन्याच्या एक तारखेला पगार. पन्नासाहून जास्त उदाहरणं सोडवली असतील मी, त्यात एकाच्याही घरी गाय नव्हती. एकाचंही उत्पन्न बाजारभावावर ठरत नव्हतं. एकाच्याही घरात म्हातारी सासू, विधवा नणंद, शिकायला ठेवलेला पुतण्या नव्हता. एकदा मी हात वर करून विचारलं की शेतीचं उत्पन्न असलं तर हा तक्ता कसा भरायचा. सर म्हणाले, शेतकऱ्याला कर नाही, त्यामुळे नियोजनही नाही. वर्ग हसला. मीही हसले, आणि ते हसल्याचा राग मला खेडच्या घाटापर्यंत पुरला.

दुसऱ्या सहामाहीला प्रोजेक्ट होता. एक खरं कुटुंब घ्यायचं, त्याची सगळी कागदपत्रं पाहायची, कुणाच्या नावावर काय आहे, कमावतं कोण, अवलंबून कोण, उद्या काही झालं तर कुणाचं काय होईल, हे सगळं मांडून पुढच्या वीस वर्षांचा आराखडा द्यायचा. तेच सर माझे गाईड होते. मी सांगितलं की मी माझं माहेर घेणार आहे, आळ्याचं. शेतकरी कुटुंब आहे.

ते म्हणाले, ‘‘पगारदार घ्या, मॅडम. शेतीत पुरावे नसतात. तुमचंच नुकसान होईल.’’

‘‘पुरावे असतात सर,’’ मी म्हणाले. ‘‘सातबारा असतो.’’

माझा आवाज चढला होता हे मला नंतर कळलं. सरांनी खांदे उडवले आणि फॉर्मवर सही केली.

आमचं घर म्हणजे आई, माझा मोठा भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं. भावाला मी दादा म्हणते. वडील वारून तेव्हा सात वर्षं झाली होती. जमीन पाच एकर, कालव्याचं पाणी असलेली, त्यातला वीस-बावीस गुंठ्यांचा तुकडा आळेफाट्याच्या अंगाला, रस्त्याला लागून. मला या घराची खडान्‌खडा माहिती आहे असं मी समजत होते. वडिलांच्या पाठीमागे वारस म्हणून आम्हा तिघांची नावं लागलेली, आई, दादा आणि मी, हेही मी कच्च्या वहीत आधीच लिहून ठेवलं होतं. कागद आणणं म्हणजे मला केवळ उपचार वाटत होता.

डिसेंबरात एक दिवस रजा टाकून मी आळ्याला गेले. घरी जायच्या आधी तलाठ्याकडे जाऊन उतारा मागितला. त्याने रजिस्टर काढलं आणि हाताने उतरवून दिला. मी तिथंच उभ्याने वाचला. मालकाच्या रकान्यात एकच नाव स्वच्छ लिहिलेलं होतं, दादाचं. त्याच्या वर आणखी दोन नावं होती, एक आईचं आणि एक माझं, माझं माहेरचं नाव. दोन्ही नावांना कंस घातलेला होता.

सातबाऱ्यावर ज्याचा हक्क संपतो त्याचं नाव खोडत नाहीत, कंसात घालतात. हे मला माहीत होतं. पतसंस्थेत तारणाचे सातबारे मी शेकड्याने तपासले होते, आणि कंसातलं नाव दिसलं की बोट तिथून पुढे सरकवायचं, एवढी सवय माझ्या हाताला होती. तरी मी तलाठ्याला विचारलं की हे काय आहे. तो बिचारा नवा होता. त्याने जुना फेरफार शोधून दाखवला. म्हणाला, ‘‘हक्कसोड झालंय ताई. रजिस्टर आहे. तुमच्या दोघींच्या सह्या आहेत.’’

मग मला तो दिवस आठवला. वडिलांचं वर्षश्राद्ध होऊन दोन महिने झाले होते. दादा मंचरला मला न्यायला आला होता, त्याच्या एम-एटी गाडीवर. वारस नोंदीला सही लागतीय, उद्या जुन्नरला यावं लागल, असं त्याने सांगितलं होतं. जुन्नरच्या रजिस्टर कचेरीत आई आधीच येऊन बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून. कागद लिहिणाऱ्याने स्टॅम्पपेपरची पानं उलटत उलटत जिथं बोट ठेवलं तिथं मी सही केली. साहेबांनी विचारलंही होतं, कागद वाचला का, मान्य आहे का. मी हो म्हणाले होते. माझ्यामागून आईने सही केली. दोन वर्षांपूर्वी गावातल्या साक्षरता वर्गात ती सही करायला शिकली होती आणि अंगठा देणाऱ्या बायांची तिला मनातून जरा कीव यायची. एकेक अक्षर काढत तिने पाचही पानांवर सही केली आणि पेन परत देताना माझ्याकडे बघून हसली. नंतर आम्ही तिघांनी मिसळ खाल्ली. दादाने मला बाजारातून डाळिंबी रंगाची साडी घेतली. वडील गेल्यावर भाऊ माहेर सांभाळतोय, असं मी त्या साडीकडे बघून नवऱ्याला सांगितलं होतं.

साडी कशाची होती ते मला सहा वर्षांनी, तलाठ्याच्या टेबलापुढे कळलं.

सही केली तेव्हा पतसंस्थेत लागून मला तीन वर्षं झाली होती. रोज चार बायकांना मी सांगायचे की कागद वाचल्याशिवाय सही करू नका. माझे कान इतके तापले की तलाठ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

दादा मळ्यात होता, कांद्याला पाणी धरलं होतं. मी चप्पल हातात घेऊन बांधावरून थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि उतारा त्याच्यासमोर धरला. त्याने हात ओले आहेत म्हणून कागद घेतला नाही, नुसता पाहिला. मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. फसवलंस म्हणाले, चोर म्हणाले. शेजारच्या वावरात बाया खुरपत होत्या, त्या थांबून बघायला लागल्या. दादाने फावड्याने एक वाफा फोडला, दुसऱ्याचं तोंड बंद केलं, आणि मग म्हणाला, ‘‘सही तुझी हाय ना? तुला वाचता येतं ना? पतसंस्थेत कामाला हायेस. मी काय तुझा हात धरून सही घेतली न्हाई.’’

मला त्याचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नसेल, कारण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

‘‘वारस नोंद म्हणाला होतास,’’ मी म्हणाले.

‘‘आता तुला तसं वाटलं आसल,’’ असं म्हणून तो पुढच्या वाफ्याकडे गेला.

घरी आई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. बहुधा बायांपैकी कुणीतरी माझ्याआधी येऊन तिला सांगितलं होतं, कारण मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, ‘‘त्याला बोलू नको. मीच म्हणले व्हते त्याला.’’

मला कळेना. ती खाली बघून जुड्या बांधत राहिली आणि बोलत राहिली. पोरीला सांगू नको कशाचे कागद हायेत ते, असं तिनेच दादाला सांगितलं होतं. सांगितलं तर ती नाय म्हणल. तू नाय म्हणलीस की त्याची बायको मला रोज ऐकवल. तू तुझ्या घरी मंचरला, मला इथं ऱ्हायचंय. तुझा बाप गेला त्या दिवसापासून ह्या घरात माझं काय ते मला दिसत व्हतं. दोघींच्या सह्या एकदम झाल्या की पोरगा सुटला आणि मीपण सुटले.

‘‘आणि तुझं नाव? तुझं नाव का काढलंस?’’ मी विचारलं.

‘‘मला काय करायचंय नाव?’’ ती म्हणाली. ‘‘जमीन काय मी कसणार हाय?’’

वहिनीने चहा आणून ठेवला. मी तो घेतला नाही. आळ्याहून आळेफाट्यापर्यंत चालत आले. फाट्यावर गाड्यांचा गोंगाट, गॅरेजवाल्यांची ठोकाठोक, नाशिककडे जाणारे ट्रक. त्या सगळ्या आवाजात मी मोठ्याने बोलत चालले होते आणि कुणालाच ऐकू येत नव्हतं. रस्त्याला लागून असलेला आमचा तुकडा वाटेतच लागतो. त्याच्या कडेला कुणीतरी चुन्याने नव्या खुणा केलेल्या दिसल्या. मोजणी झाली होती.

नवऱ्याचं मंचरला मोटारी रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्या दिवशी दुकानात जाऊन मी त्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो जळलेल्या मोटारीतली तार ओढून काढत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, ‘‘दावा लावायचा तर लाव. तारखांना मी येईन बरोबर. पण जमीन पाहिजे म्हणून लावतीस का राग आलाय म्हणून, ते आधी ठरव.’’

दोन्ही, असं मी म्हणाले. मग त्याच्यावरही चिडले, कारण त्याने विचारलेला प्रश्न बरोबर होता.

जानेवारीत आमच्या कोर्सला वारसा हक्क आणि मृत्युपत्र हा भाग शिकवायला एक वकीलबाई आल्या. साठीच्या असतील. लेक्चर झाल्यावर जिन्यात गाठून मी त्यांना विचारलं, माझी एक ओळखीची आहे म्हणून. त्यांनी ओळखलं असावं. त्या म्हणाल्या की रजिस्टर झालेला कागद मोडणं अवघड असतं, पण फसवून सही घेतली हे सिद्ध करता आलं तर दावा चालू शकतो, आणि फसवणूक कळल्यापासून मुदत मोजतात. मग विचारलं, साक्षीला कोण आहे. मी म्हणाले, आई. ‘‘आई कुणाच्या बाजूने बोलेल?’’ त्यांनी विचारलं. मी वही पिशवीत घालायला लागले. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. तो हातही मला त्या दिवशी नको होता.

दावा मी लावला नाही. प्रोजेक्ट मात्र लिहिला. पहिला कच्चा खर्डा फाडून टाकला आणि ग्राहक म्हणून दादाच्या कुटुंबाऐवजी एकट्या आईला घेतलं. वय बासष्ट. व्यवसाय, शेती, रोज सात-आठ तास. मालमत्ता, नाही. उत्पन्न, नाही. विमा, नाही. बँक खातं, नाही. दागिने, एक मणीमंगळसूत्र, वापरात नाही. अवलंबून कुणावर, मुलावर. त्याखाली मी तक्ता केला. तिला वर्षाला काय लागतं ते मी आठवून आठवून लिहिलं: दोन लुगडी, एक जोडी चप्पल, गुडघ्याच्या गोळ्या, डोळ्यांचं औषध, ओतूरला बहिणीकडे जायचं एसटीचं भाडं, नातवंडांच्या हातावर ठेवायला काही, लग्नाकार्यात ओटीत घालायला काही. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी ती आज कुणाकडे मागते ते शेजारच्या रकान्यात लिहिलं. सगळीकडे एकच उत्तर आलं. लिहिता लिहिता वहीचं पान पेनने फाटायचं, इतकी मी जोर देऊन लिहीत होते.

त्यानंतर संपत्ती शून्य कशी झाली याचं प्रकरण लिहिलं. नाव कुणाचंच टाकलं नाही, पण हक्कसोडीचा कागद, त्याआधी घरात काय बोलणं झालं, सही कुणाची किती वर्षांच्या शिक्षणाची, हे सगळं मांडलं. शिफारस म्हणून एकच लिहिलं: रस्त्याकडेचा तुकडा विकला गेला तर त्यातून ठरावीक रक्कम आईच्या एकटीच्या नावावर पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवावी, म्हणजे तिला दर महिन्याला कुणापुढे हात न पसरता व्याज मिळेल. किती रक्कम, तेही काढून दिलं.

गाईडनी वाचलं. म्हणाले, हे भावनिक आहे, यात नियोजन कुठे आहे. मी म्हणाले, बदलणार नाही. त्यांनी सही केली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक होते. त्यांनी फाइल चाळली आणि म्हणाले, ‘‘क्लायंटची निव्वळ संपत्ती शून्य आहे. शून्याचं तुम्ही काय प्लॅनिंग करणार?’’

मी म्हणाले, ‘‘सर, ती सहा वर्षांपूर्वी शून्य नव्हती. एका दुपारी झाली. तेव्हा तिच्या शेजारी एक बी.कॉम. झालेली बाई बसली होती आणि तिने काहीही केलं नाही. तुमच्या पुस्तकात त्या बाईसाठी एक ओळ नाही.’’

त्यांनी फाइल मिटली. पास व्हायला लागतात त्याहून दोन मार्क जास्त मिळाले. बाकीच्या पेपरांत मी वर्गात चौथी आले होते.

त्या वर्षी मी राखी बांधायला गेले नाही, पाठवलीही नाही. आईचा शेजाऱ्यांच्या फोनवरून दोनदा फोन आला, मी घेतला नाही. आपण वाईट वागतोय हे मला कळत होतं आणि त्यात मला बरं वाटत होतं, हे आज लपवण्यात अर्थ नाही.

गणपती झाले आणि एका सोमवारी दादा आमच्या दारात आला. हातात पेढ्यांचा पुडा, काखेत प्लॅस्टिकची फाइल. रस्त्याचा तुकडा नाशिककडच्या एका पार्टीला द्यायचा ठरला होता, हॉटेलसाठी. बोलणं सगळं पक्कं झालं होतं, फक्त घेणाऱ्याचा वकील अडून बसला होता. खरेदीखतावर बहिणीची आणि आईची मान्यता म्हणून सही पाहिजे, नाहीतर व्यवहार करू नका, असं त्याने पार्टीला सांगितलं होतं.

‘‘माझी कशाला?’’ मी म्हणाले. ‘‘मी तर कंसात आहे.’’

दादा पुड्याची दोरी सोडत बसला. नवरा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. मी दादाला कागद ठेवून जायला सांगितलं. तो म्हणाला, उद्या दुपारी रजिस्टरची वेळ घेतलीय. मी म्हणाले, मला वाचायला चार दिवस लागतील.

त्या चार दिवसांत मी एकोणीस पानं ओळ न्‌ ओळ वाचली. चौथ्या दिवशी दादा आला, तेव्हा मी त्याला माझ्या प्रोजेक्टमधलं शिफारशीचं पान काढून दिलं. पार्टीच्या पहिल्या चेकमधून एवढी रक्कम आईच्या एकटीच्या नावावर पोस्टात पडली आणि पासबुक मला दिसलं, की त्यानंतर मी सही करीन. त्याने आकडा वाचला. ती काय माझ्या घरी उपाशी मरतीय का, असं विचारलं. लोक काय म्हणतील तेही विचारलं. मी त्या पानावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. शेवटी तो म्हणाला, ‘‘आणि तुला किती पायजे ते पण बोल एकदाच.’’

हे वाक्य मला हवं होतं. चार दिवस मी त्याचं उत्तर पाठ केलं होतं. तिसरा हिस्सा, एवढे दोन शब्द. ते माझ्या तोंडून निघाले नाहीत. मी म्हणाले, मला काही नको. पुढे पुष्कळांनी याला मोठेपणा म्हटलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. माझी जीभ वळली नाही, बस. आजही मध्येच कधी भांडी घासताना मी ते दोन शब्द मोठ्याने म्हणते.

पार्टीला घाई होती म्हणून दादा कबूल झाला. पोस्टात आईला घेऊन मी स्वतः गेले. आईने फॉर्मवर तशाच एकेक अक्षर काढत सह्या केल्या. खिडकीतल्या माणसाने विचारलं, आजी, तुमच्या पाठीमागे वारस म्हणून कुणाचं नाव लिहू. मी तिच्या शेजारी उभी होते. पेन माझंच होतं. आई म्हणाली, ‘‘लेकाचं लिवा.’’

मी बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहिले. ती मागून आली, पासबुक पिशवीत नीट घडी करून ठेवत. मला म्हणाली, चल, तुला भेळ घेते. मला तिथंच रडायला यायला हवं होतं. मला ओरडावंसं वाटलं. ठरल्याप्रमाणे मी दुसऱ्या दिवशी जुन्नरला जाऊन सही केली. या वेळी साहेबांनी कागद वाचला का विचारलं, तेव्हा मी म्हणाले, हो, सगळा.

हॉटेल उभं राहिलं. मला पतसंस्थेत सल्लागार म्हणून एक वेगळं टेबल मिळालं, पगार तेवढाच. दादाशी मी बोलायला लागले, कामापुरतं. सणाला जाऊ लागले, पण त्याच्या ताटात वाढताना माझा हात अजून जड होतो. ते त्यालाही कळतं.

साधारण वर्षाने वहिनीच्या बोलण्यातून मला कळलं की आई दर महिन्याला पोस्टातून व्याज काढते आणि घरी येऊन ते दादाच्या हातात ठेवते. पहिल्या महिन्यापासून. मी पुढच्याच एसटीने आळ्याला गेले. आई अंगणात शेंगा वाळत घालत होती. मी तिला उभ्या उभ्या सगळं ऐकवलं: त्या पैशासाठी मी काय केलं, किती लोकांशी भांडले, राखी मोडली, माझा हिस्सा सोडला. एवढं करून तू ते परत त्यालाच नेऊन देतेस.

तिने शेंगांवरून हात फिरवून त्या सारख्या केल्या. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या आवाजात राग होता. इतक्या वर्षांत तिने माझ्यावर असा आवाज चढवला नव्हता.

‘‘माझे पैसे हायेत ना? तूच म्हणलीस ना, माझ्या एकटीचे?’’ ती म्हणाली. ‘‘मंग मी कुणाला देईन ते मला इचारायला येऊ नको. आदी मी त्याच्याकडं मागत व्हते. आता तो माझ्याकडं मागतो. आन्‌ कदी कदी मी नाय म्हणती.’’

तक्त्यात यासाठी रकाना नव्हता आणि मीही तो आखला नव्हता. मी चहा घेतला, कारण ती म्हणाली घे म्हणून. मग परत फाट्यावर आले. गाडीत खिडकीची जागा मिळाली. नारायणगाव गेलं, कळंब गेलं, तरी माझा राग उतरला नव्हता. फक्त तो नक्की कुणावर आहे, हे मला मंचरला उतरेपर्यंत ठरवता आलं नाही.